जमशीद मार्कर यांचं तिमोर: करारावर सही करण्याआधी वाचा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत युनियनतर्फे करारांच्या बोलणीत बसण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. त्यामुळे राजदूतांच्या आठवणी मी जरा संशयानंच उघडतो. त्यांत मेजवान्या फार आणि मसुदे कमी. 'ईस्ट तिमोर: अ मेमॉयर ऑफ द निगोशिएशन्स फॉर इंडिपेंडन्स' (२००३) हे पुस्तक मात्र नावाला जागतं. विषय वाटाघाटींचा, आणि लेखक स्वतः त्या टेबलावर बसलेला.

लेखक जमशीद मार्कर पाकिस्तानचे, धर्मानं पारशी, शिकले डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये. एके काळी रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री करायचे. पुढे अनेक देशांत राजदूत झाले. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी त्यांना पूर्व तिमोरच्या प्रश्नासाठी आपलं व्यक्तिगत प्रतिनिधी नेमलं. हातात ना फौज, ना पैसा. समेट घडवायला बसणाऱ्या माणसाची गत सगळीकडे सारखीच.

पार्श्वभूमी थोडक्यात. पोर्तुगालची ही वसाहत १९७५ मध्ये सुटते न सुटते तोच ७ डिसेंबरला इंडोनेशियाचं सैन्य घुसलं आणि पुढच्या वर्षी तो आपला सत्ताविसावा प्रांत असल्याचं जाकार्तानं जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांनी ते कधीच मानलं नाही. १९९१ मध्ये राजधानी दिली शहरातल्या सांताक्रूझ दफनभूमीत सैनिकांनी गोळीबार केला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९९६ चं शांततेचं नोबेल तिमोरचेच बिशप बेलो आणि होझे रामोस-होर्टा यांना मिळालं.

मला खरा रस होता तो टेबलावर कोण बसलं यात. एका बाजूला इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री अली अलातास, दुसऱ्या बाजूला पोर्तुगालचे जैमे गामा. तिमोरी लोक करारात पक्षकारच नव्हते! त्यांच्या गटांचा वेगळा 'सर्वसमावेशक संवाद' ऑस्ट्रियात भरायचा, आणि अट अशी की प्रदेशाच्या राजकीय दर्जावर तिथे बोलायचं नाही. म्हणजे कॅन्टीन, गणवेश, बस यांवर हवं तेवढं बोला, पगाराचं नाव काढू नका. ज्यांच्याशिवाय कोणताही करार टिकणार नव्हता ते तिमोरी लढ्याचे नेते शनाना गुस्माव १९९२ मध्ये पकडले गेलेले, जाकार्ताच्या चिपिनांग तुरुंगात. मध्यस्थाला त्या तुरुंगात जाऊन त्यांचं मत घ्यावं लागलं. गेटबाहेरच्या माणसाला विचारल्याशिवाय आत सही करायची नसते, हे मार्कर यांना पक्कं ठाऊक होतं.

मे १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या अध्यक्षपदावरून सुहार्तो गेले, हबिबी आले, आणि जानेवारी १९९९ मध्ये त्यांनी एकदम जाहीर केलं: स्वायत्तता नको असेल तर वेगळे व्हा. वर्षानुवर्षं अडलेली बोलणी अशी अचानक सुटली की मला धडकीच भरते. समोरचा एका दिवसात सगळं कबूल करतो, तेव्हा अंमलबजावणीचं कलम आधी वाचावं. ५ मे १९९९ च्या न्यूयॉर्क करारांत ते कलम होतं: मतदान घेणार संयुक्त राष्ट्रं, सुरक्षेची जबाबदारी मात्र इंडोनेशियाची. त्यांच्याच लष्कराच्या पाठबळावर मिलिशिया, म्हणजे सशस्त्र टोळ्या, फिरत असताना! संयुक्त राष्ट्रांचे पोलीस निःशस्त्र, फक्त सल्ल्यापुरते.

८ ऑगस्टचं मतदान ३० ऑगस्टवर गेलं. ९८.६ टक्के लोक मतदानाला आले आणि ७८.५ टक्क्यांनी स्वायत्तता नाकारली, म्हणजे स्वातंत्र्य मागितलं. निकाल लागला आणि गावंच्या गावं पेटली. दोन लाखांवर माणसं बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागात, पश्चिम तिमोरमध्ये, गेली किंवा नेली गेली. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची फौज उतरली २० सप्टेंबरला.

यावर युक्तिवाद असा, की सुरक्षेवर अडून बसलो असतो तर मतदानच झालं नसतं. हबिबी किती दिवस टिकतील याचा भरवसा नव्हता, हे खरं. मी स्वतः अर्धवट करारांवर सह्या केल्यात, त्यामुळे हा युक्तिवाद उडवून लावत नाही. पण पटतही नाही. फौज नाकारली तरी निकालानंतरच्या पहिल्या आठवड्याचं काय, हा प्रश्न कागदावर यायला हवा होता. सप्टेंबरची पानं वाचताना मला लेखकाकडून आणखी झाडाझडती हवी होती. आणि दिलीतल्या माणसांचा आवाज न्यूयॉर्कच्या खोल्यांपर्यंत फार पातळ होऊन पोचतो.

एक गंमत. तिमोरी जनतेच्या स्वयंनिर्णयाची बाजू मांडणारा हाच पोर्तुगाल १९५५ मध्ये दादरा-नगर हवेलीसाठी भारताला हेगच्या न्यायालयात खेचून बसला होता. नाशिकहून जव्हारमार्गे सिल्वासाला जाणाऱ्यांना तो भाग परका नाही. गोव्यावर तर पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार बोलायलाच तयार नव्हते. १९६१ मध्ये भारताचं सैन्य गेलं. लोकशाही आलेला पोर्तुगाल वेगळा, हे मान्य, तरी वाचताना हसू आलंच.

पाचपैकी चार तारे. संस्थांच्या संक्षेपांची गर्दी आहे, एका कागदावर लिहून घेऊन बसा. नवी प्रत महाग वाटली म्हणून मी जुनी मागवली. कडा पिवळ्या, पण पानं शाबूत. युनियनवाले, मध्यस्थीचं काम करणारे वकील आणि एमपीएससीची पोरं यांनी जरूर वाचावं. प्रवासवर्णन हवं असेल तर हे घेऊ नका.