सर्व्हरच्या एका पोर्टवर तीन व्हीलॅन, आठ महिने वापरून लिहितोय

लिहीन लिहीन म्हणत होतो, पण मुहूर्त लागला तो गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारमुळे. भोसरीला दाजींचं वर्कशॉप आहे, तिथला सर्व्हर, स्विच, वायरिंग सगळं मीच बघतो. सकाळी नऊला सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनवरच्या मामांचा फोन, "दादा, मशीनवर प्रोग्रामच चढंना." ऑफिसात ताईचं टॅली व्यवस्थित चालू, कॅमेरे चालू, फक्त मशीन्सचं नेटवर्क मेलेलं. सगळंच बंद पडलं तर निदान शोधायला सोपं जातं, अर्धं बंद पडलं की जो तो सर्व्हरकडे बोट दाखवतो.

मांडणी अशी. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर आणि वायरवर केलेली, एकमेकांपासून तोडलेली वेगवेगळी नेटवर्कं. खंडेनवमीला मशीनच्या पूजेबरोबर नवीन सर्व्हरलाही हळदकुंकू लावलं आणि चालू केला. उबुंटू सर्व्हर, बोर्डवर दोन गिगाबिट पोर्ट, त्यातल्या एकाच पोर्टवरून स्विचला ट्रंक, म्हणजे सगळे व्हीलॅन टॅग (व्हीलॅनचा नंबर) लावून एकत्र नेणारी वायर. व्हीलॅन १० ऑफिस, २० कॅमेरे, आणि फेब्रुवारीत वाढवलेला ३० मशीन्सचा. मशीन्सचे कंट्रोलर इतके जुने आहेत की त्यांना आता कसलाच अपडेट येत नाही, त्यामुळे ३० ला इंटरनेट अजिबात नाही, फक्त सर्व्हरवरचं प्रोग्रामचं फोल्डर दिसतं. आधी मामा लोक पेनड्राईव्ह फिरवायचे आणि दोनदा त्यातून व्हायरस आला होता, म्हणून हा सगळा खटाटोप.

खरं तर सुरुवातीला माझा व्हीलॅनवर विश्वासच नव्हता. प्रत्येक नेटवर्कला वेगळी केबल, वेगळा पोर्ट असंच डोक्यात होतं, म्हणून ३,८०० रुपयांचं चार पोर्टचं सेकंडहँड इंटेल आय३५० कार्ड घेऊन बसलो. मग हिशोब केला. बारा कॅमेरे, प्रत्येकी साधारण ४ एमबीपीएस, म्हणजे झाले ४८. प्रोग्रामच्या फाईल्स केबीमध्ये. गिगाबिटच्या एका वायरला हे काहीच नाही. कार्ड पाच महिने डब्यात पडून होतं आणि त्या पैशांची हळहळ मला अजून आहे, कारण दाजींकडून खर्च मंजूर करून घेताना मीच ते गरजेचं आहे म्हणून सांगितलं होतं.

सर्व्हरच्या बाजूचं काम मात्र इतकं सुटसुटीत निघेल असं वाटलं नव्हतं. नेटप्लॅनच्या (उबुंटूचं नेटवर्क सेटिंगचं साधन) फाईलमध्ये मूळ पोर्ट लिहायचा, त्याला पत्ता द्यायचा नाही, खाली व्हीलॅन्समध्ये प्रत्येकाचा आयडी, लिंक म्हणून मूळ पोर्टचं नाव आणि पत्ता. टॅबऐवजी स्पेस वापरा एवढंच. नंबर १ ते ४०९४ मधला कुठलाही चालतो, पण १ घेऊ नका, बहुतेक स्विचवर तो फॅक्टरीचा डीफॉल्ट असतो आणि कुठलाही नवीन पोर्ट आपोआप त्यातच येऊन पडतो. डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, एकाच व्हीलॅनला द्या, मी १० ला दिलाय. आणि जो पोर्ट कधीकधी रिकामा राहतो त्याला ऑप्शनल ट्रू लावा, नाहीतर बूट होताना सर्व्हर त्याची वाट बघत दोन मिनिटं नुसता बसून राहतो.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे नेटप्लॅन ट्राय. बदल लागू होतो आणि १२० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते, तेवढ्यात एंटर मारलं नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत. जानेवारीत रात्री अकरा वाजता कोथरूडला घरी बसून व्हीपीएनवरून बदल करत होतो, १० चा पत्ता चुकून दुसऱ्याच ओळीखाली गेला आणि स्क्रीन जागेवर थिजली. ती दोन मिनिटं मी लॅपटॉपसमोर हात जोडून बसलो होतो. मोजणी संपली, परत लॉगिन केलं, सर्व्हर जागेवर. नाहीतर त्या थंडीत गाडी काढून भोसरी गाठावं लागलं असतं. ब्रिज किंवा बाँड (पोर्ट एकत्र जोडायचे प्रकार) असेल तर त्यातल्या काही सेटिंग्ज हा ट्राय मागे फिरवत नाही, तिथे जपून. पण साध्या व्हीलॅनला थेट नेटप्लॅन अप्लाय (मोजणी न करता लगेच लागू करणारी कमांड) कोणीही मारू नये, अगदी समोर बसलेले असाल तरी.

एक गोष्ट कळायला मला आठवडा लागला. ताईच्या पीसीवरून कॅमेऱ्यांचं पान कधी उघडायचं, कधी अर्ध्यात लटकायचं. तिला मी सर्व्हरचा २० मधला पत्ता दिला होता. तिची विनंती राउटरमधून फिरून २० वर जायची, पण सर्व्हरचा एक पाय तिच्याच १० मध्ये असल्यामुळे उत्तर थेट तिकडून यायचं, राउटरच्या फायरवॉलला अर्धंच संभाषण दिसायचं आणि तो ते कापायचा. तिला १० मधला पत्ता दिला आणि प्रश्न संपला. ज्या नेटवर्कमधला माणूस, त्याच नेटवर्कमधला सर्व्हरचा पत्ता, एवढं पाळा. आणि सर्व्हरचे पाय सगळीकडे आहेत म्हणून आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कचा डेटा दुसऱ्यात सरकवणं) बंद आहे ना, एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) फक्त ऑफिसच्या बाजूने ऐकतंय ना, हेही बघून घ्या. माझं एसएसएच महिनाभर कॅमेऱ्यांच्या नेटवर्कवरही उघडं होतं, हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

आता तो शुक्रवार. बुधवारी संध्याकाळी पहिला मोठा पाऊस झाला, लाईट गेली ती पाच तास. यूपीएस संपत आल्यावर सर्व्हर शिस्तीत स्वतःहून बंद झाला, स्विच मात्र तसाच गेला. गुरुवारी आमची सुट्टी. शुक्रवारी हा प्रकार. स्विचच्या कंपनीच्या कॉल सेंटरवर चाळीस मिनिटं घालवली. तो म्हणे, "सर, तुमच्या सर्व्हरच्या कार्डला टॅगिंगचा सपोर्ट नसणार." मी म्हटलं, अहो चार महिने चालतंय ना. तर म्हणे फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर इंजिनियर पाठवतो, व्हिजिटचे ९०० आणि वर जीएसटी. तिकडे मामा परत पेनड्राईव्ह शोधायला लागलेले आणि दाजी दर दहा मिनिटांनी दारात येऊन "काय रे, झालं का?"

फोन ठेवला आणि सर्व्हरच्या मूळ पोर्टवर टीसीपीडंप (वायरवरून काय जातंय ते दाखवणारं साधन) लावला, ई हा ऑप्शन घालून, म्हणजे टॅग दिसतात. दर सेकंदाला एक ओळ सरकत होती, ८१०० हा टॅगचा आकडा, पुढे व्हीलॅन ३०, पुढे मशीनचा पत्ता कोणाकडे आहे ही विचारणा. परत तीच ओळ. परत तीच. उत्तर एकही नाही. म्हणजे सर्व्हर टॅग लावून बरोबर पाठवतोय, पुढे कोणी घेतच नाहीये. स्विचचं पान उघडलं तर यादीत १०, २०, बास. ३० नावालाही नाही. मशीन्सचे पोर्ट परत १० मध्ये, म्हणजे ज्या मशीन्सना लांब ठेवायला हे सगळं केलं त्या ऑफिसच्या नेटवर्कात येऊन पडलेल्या.

कारण काय, तर या स्विचवर अप्लाय दाबलं की बदल लगेच लागू होतो पण तो फक्त चालू मेमरीत. कायमचा करायला वेगळ्या मेनूत, सिस्टीमच्या खाली, तिसऱ्या पानावर सेव्ह कॉन्फिग. ऑक्टोबरमध्ये मी ते दाबलं होतं, फेब्रुवारीत ३० वाढवताना राहिलं, आणि मधल्या चार महिन्यांत यूपीएसने स्विच एकदाही बंद पडू दिला नाही. त्या चार महिन्यांत मी त्या पानावर किमान वीस वेळा गेलो असेन, एकदाही कुठे लाल अक्षरात लिहिलेलं दिसलं नाही की बाबा रे हे सेव्ह झालेलं नाही. ११ हजारांच्या स्विचला एक ओळ दाखवता येत नाही? नेटप्लॅन फुकट आहे आणि तो सेकंद मोजून दाखवतो. त्या रात्री मी स्विचला एक स्टार द्यायचा ठरवला होता.

दोन दिवसांनी शांत डोक्याने विचार केल्यावर मत थोडं बदललं. नोव्हेंबरमध्ये मी ट्रंक पोर्टचा पीव्हीआयडी (टॅग नसलेला डेटा कुठल्या व्हीलॅनमध्ये टाकायचा तो नंबर) बदलताना स्वतःलाच स्विचबाहेर कोंडून घेतलं होतं, कारण व्हीलॅनची मेंबरशिप एका पानावर आणि पीव्हीआयडी दुसऱ्या, दोन्हींचा मेळ बसला नाही. तेव्हा प्लग काढून परत लावला आणि जुनी सेटिंग आली, सुटलो. म्हणजे सेव्ह वेगळं असण्यानेच मला एकदा वाचवलंय. तेव्हा सेव्ह वेगळं ठेवा, हरकत नाही, पण सेव्ह बाकी आहे हे सांगा. माझे तीन स्टार. कॉल सेंटरला शून्य, आणि ते ९०० रुपये मी दिले नाहीत. सर्व्हरवरच्या व्हीलॅनला पाचपैकी पाच, आठ महिन्यांत त्या बाजूने एकदाही तक्रार नाही.

विंडोज सर्व्हरवाल्यांसाठी एवढंच की कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधल्या व्हीलॅन आयडीच्या रकान्यात एकच नंबर बसतो. विंडोज सर्व्हर २०१२ पासून टीमिंग (कार्डं एकत्र बांधायची सोय) विंडोजमध्येच आहे, एकाच कार्डाची टीम करून त्यावर अनेक व्हीलॅन काढता येतात.

ते आय३५० कार्ड मार्चमध्ये शेवटी लावलं. बॅकअप चालू असताना ताईचं टॅली रेंगाळायचं, त्या एका कामाला मात्र वेगळी वायर खरंच लागत होती. तीन पोर्ट अजून रिकामे आहेत.

परवाच्या गुरुवारी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जाऊन स्विचचा प्लग काढला, चहा प्यायलो, परत लावला. तीन मिनिटांत १०, २०, ३० तिन्ही वर. मामांच्या मशीनवर चाचणीचा प्रोग्राम चढवून बघितला, चढला. मग स्विचच्या सेटिंगची फाईल उतरवून सर्व्हरवर आणि ताईच्या पीसीवर अशी दोन ठिकाणी ठेवली आणि कुलूप लावून निघालो.