सूर्यघरचा अर्ज: स्वतः भरायचा की व्हेंडरवर सोडायचा?

छतावर सोलर बसवायचं ठरलं की पहिल्याच भेटीत व्हेंडर म्हणतो, "काका, आधार आणि लाइट बिल व्हॉट्सॲपवर टाका, बाकी आम्ही बघतो." घराच्या छतावरच्या सोलरला केंद्र सरकारचं अनुदान देणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर अर्ज आपणही भरू शकतो. प्रश्न 78,000 रुपयांपर्यंतच्या अनुदानाचा आहे: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000. त्यापुढे कितीही बसवा, आकडा तोच.

व्हेंडरवर सोडलं की दगदग वाचते, हे खरंच. करारनामा, फोटो, पॅनेलचे सिरियल नंबर, नेटमीटरचे (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचे) कागद, हे त्याच्या रोजच्या हातचं काम. पण आमच्या अर्जात नोंदणीला त्याने आपल्याच ऑफिसातल्या मुलाचा मोबाइल नंबर दिला. सगळे ओटीपी तिकडे. मुलगा नोकरी सोडून गेला आणि अर्ज कुठे अडकलाय हेच आम्हाला दिसेना. आई रोज संध्याकाळी विचारायची, "जमा झाले का रे?"

स्वतः भरायला बसलात तर एखादी संध्याकाळ जाते, पण चूक आधीच नजरेला पडते. सगळ्यात जास्त घोळ नावाचा. जुन्या बिलावर आडनाव आणि पुढे दोन आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, पासबुकात तिसरंच स्पेलिंग. अनुदान थेट खात्यात येतं, म्हणून तिन्ही कागद टेबलावर शेजारीशेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघा. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांकही पाठ आहे म्हणून टाकू नका, बिलावरून बघून टाका. पासबुक जुनं असेल तर आयएफएससीही तपासा. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तरी त्या पासबुकाची झेरॉक्स अजून कपाटातून निघते.

पॅनेलच्या बाबतीत मात्र व्हेंडरशिवाय चालत नाही. तो पोर्टलवर नोंदलेला हवा, आणि पॅनेल व त्यातले सेलही भारतीय बनावटीचे, म्हणजे डीसीआर हवेत. नाहीतर अनुदान नाही. स्वस्तातलं कोटेशन आलं तर हा प्रश्न आधी विचारा. पॅनेल वर चढवण्यापूर्वी मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, नंतर तिथे हात पोचत नाही.

मला विचाराल तर नोंदणी, मोबाइल नंबर आणि बँकेचा तपशील आपल्या हाताने भरावा, तांत्रिक कागद व्हेंडरकडे द्यावेत. घरात मोबाइल सराईतपणे वापरणारं कोणीच नसेल, तर व्हेंडरला शेजारी बसवून भरून घ्यावं, पण ओटीपी आपल्याच फोनवर यावा.

बिल अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर दोन्ही वाटा तूर्त बाजूला ठेवा. आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा आणि नव्या नावाचं बिल हातात आल्यावरच व्हेंडरला बोलवा.