चौदा महिने वापरल्यावर: फरशी चांगली आहे, पण तीच एक मिळेना

मागच्या महिन्यात ओट्याखालचं सिलिंडर सरकवताना माझ्याच हातून निसटलं आणि त्याची कड फरशीच्या कोपऱ्यावर बसली. कोपऱ्याचा रुपयाएवढा टवका उडाला, तिथून आडवी चीर गेली. वर पांढरीशुभ्र संगमरवरी छपाई, आणि टवका उडाला तिथे आत मातकट तपकिरी अंग. स्वयंपाकघरात पाय ठेवला की नजर तिथेच जाते.

माल कोणता ते सांगतो. हॉल आणि स्वयंपाकघर मिळून सव्वासहा ब्रासला (ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट) जरा कमी, दोन बाय दोन फुटांची चकचकीत जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली फरशी), ६२ रुपये चौरस फूट, माल गुजरातेतल्या मोरबीचा. (बहुतेक सगळ्यांचा मोरबीचाच असतो, खोक्यावरचं नाव तेवढं बदलतं.) बाथरूमला मॅट, ओट्यामागे साधी सिरॅमिक.

चीर बघून मी पहिला निकाल देऊन टाकला होता: जीव्हीटी घेऊ नका, डबल चार्ज घ्या. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर खोल असतो, छोटा टवका उडाला तरी आतून वेगळा रंग डोकावत नाही. जीव्हीटीवर नुसती छपाई आणि वर काचेचा पातळ थर. मोठ्या भावाकडे डबल चार्जच आहे, म्हणून त्याला फोन लावला. तो म्हणाला, "ये आणि डायनिंग टेबलाखाली बघ." गेलो. चहाचे आणि पेनाच्या शाईचे डाग, तीन वर्षांचे, सगळे जागच्या जागी. डबल चार्जला पॉलिश करताना बारीक छिद्रं उघडी पडतात आणि त्यात रंग जाऊन बसतो. माझ्याकडे हळद सांडली, तेल सांडलं, ओल्या फडक्याने गेलं. तेव्हा तो निकाल मागे घेतला.

खरा घोळ वेगळाच निघाला. शेजारचा एक जण सहज नाण्याने फरशी वाजवत गेला. मधे ठणठण, कोपऱ्यांना डबडब. मिस्त्रीने पाठीला सिमेंट-वाळूच्या मालाचे पाच गोळे टाकून फरशी बसवली होती, चार कोपऱ्यांच्या जरा आत आणि एक मधे. कोपरे अधांतरी! व्हिट्रिफाइड पाणी पीत नाही, म्हणून सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) तिला नीट धरत नाही. अॅडहेसिव्ह (फरशी चिकटवायचा तयार मसाला) दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरायला हवं. मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, "सर, पंचवीस वर्षं असंच बसवतोय, काही होत नाही." आणि मलाही ते ऐकायला गोड वाटलं, कारण बारा-तेरा पिशव्यांचे पाचेक हजार वाचत होते. म्हणजे अर्धा दोष माझा. बरं, पाऊण.

आता मुख्य मुद्दा. काम संपल्यावर दोन सीलबंद खोकी उरली होती. बायको म्हणाली, पलंगाखाली राहू दे. मी ती दुकानात परत दिली, दहा टक्के कापून १,७८५ रुपये मिळाले आणि आठवडाभर मी स्वतःवर खूष होतो. आता त्याच दुकानात एक फरशी मागायला गेलो, तर "तो लॉट संपला." खोक्यावर शेड आणि साइजचे नंबर असतात, ते उगीच नसतात. माती बदलली, भट्टीचं तापमान जरा इकडेतिकडे झालं की शेड हलते. आकुंचनही कमीजास्त होतं, त्यामुळे मापात मिलिमीटरचा फरक पडतो. त्याच डिझाइनचं नव्या लॉटचं खोकं आणलं. सुटी फरशी तो देईना, चार घ्याव्या लागल्या. दुपारी उन्हात ठीक वाटली. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली आणि ती एकटी निळसर, बाकी सगळ्या साईच्या रंगाच्या.

त्या रागात जुनं बिल काढलं. चार फरशांचं खोकं १६ चौरस फूट धरून लावलेलं. 'दोन बाय दोन' म्हणतात ती प्रत्यक्षात ६०० मिमी असते, दोन फूट म्हणजे ६०९.६. चार फरशांचे होतात साडेपंधरा फूट. ४४ खोक्यांवर २२ फूट, म्हणजे १,३६४ रुपये हवेचे दिले. शेठ म्हणाले, "सगळे असंच लावतात." तुम्ही घ्याल तेव्हा दर चौरस मीटरवर ठरवा, नाहीतर खोक्यावर.

बाकीचं थोडक्यात. बाथरूमची मॅट फरशी आईसाठी घेतली, तिचं वय ७८. बोअरच्या पाण्याने त्या फरशीवर पांढरट थर बसतो, आठवड्याला ब्रश मारावा लागतो, आणि मला तक्रार नाही. चौदा महिन्यांत आईचा पाय एकदाही सरकला नाही. ओट्यामागे व्हिट्रिफाइड लावा म्हणून दुकानदार फार मागे लागला होता. ऐकलं नाही ते बरं झालं. भिंतीवर कोण चालतंय? साधी सिरॅमिक हलकी, पाणी पिते म्हणून सिमेंटला घट्ट चिकटते, ड्रिलही सहज जातं. फोडणीचे शिंतोडे तिथेही फडक्याने निघतात. जॉइंट मात्र एपॉक्सीने (रेझिनचा मसाला) भरायला हवे होते. शेगडीमागचे पांढऱ्या सिमेंटचे जॉइंट आता कायमचे पिवळे आहेत.

फुटक्या फरशीचं काय केलं? दुसरा मिस्त्री आणला. त्याने फ्रिज सरकवला, त्याखालच्या फरशीचे जॉइंट कापले, पट्टी घालून हलकेच उचकटलं, आणि ती अख्खी हातात आली. "अॅडहेसिव्ह असतं तर तुकडेच निघाले असते," तो म्हणाला. ती फरशी सिलिंडरजवळ बसवली, या वेळी पूर्ण पाठीला अॅडहेसिव्ह लावून. निळसर फरशी फ्रिजखाली गेली. उरलेल्या तीन निळसर पलंगाखाली आहेत. बायकोने खोक्यावर तारीख टाकून ठेवली आहे.