आमची आशाताई : पाचपैकी साडेचार

माझं गावात किराणा दुकान आहे, सातारा जिल्ह्यात, डोंगराकडच्या बाजूला. सदतीस वर्षं तागडी धरल्यावर कोण सरळ मापतं आणि कोण काटा मारतं हे लांबूनच कळायला लागतं. गिऱ्हाइकं आमच्याबद्दल बरंवाईट बोलत असतातच. आज मी गिऱ्हाईक म्हणून लिहितोय. सेवा म्हणजे आमची आशाताई, घरोघरी फिरून आरोग्याचं बघणारी गावची कार्यकर्ती. सेवा सरकारी आहे, फुकट आहे आणि घरपोच आहे.

तिचं खरं नाव निम्म्या गावाला माहीत नसेल. ती गावची सून, बारावी झालेली. हजार वस्तीमागे एक आशा, या हिशेबानं आमच्या दोन वाड्या तिच्याकडे आहेत. सगळे तिला आशाताईच म्हणतात. आशा हे नाव नाही, पद आहे, हे मलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली, वजन दोन किलो तीनशे. अडीच किलोच्या आत म्हणजे कमीच. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आणलं आणि संध्याकाळी ताई पिशवी घेऊन दारात. आधी साबण मागितला, कोपरापर्यंत हात धुतले. मग पिशवीतून कापडी झोळी आणि हातात धरायचा स्प्रिंगचा काटा काढला. रिकामी झोळी अडकवली, काटा डोळ्यासमोर धरून शून्यावर आणला, मग बाळ ठेवलं. हे मुद्दाम लिहितोय. बाजारात रिकामी टोपली वजा करायला लोक 'विसरतात', आणि विसरण्यात नेहमी त्यांचाच फायदा असतो.

खरी गंमत पुढे झाली. आमच्या सौभाग्यवतींनी शेगडी पेटवून ठेवली होती, ओवा-बाळंतशेपाची धुरी द्यायला. घंगाळात न्हाणंही तयार. ताई म्हणाली, "काकू, धूर नको. आणि न्हाणं जरा वजन वाढल्यावर घालू." ही म्हणाली, "आमची चार पोरं काय धुराशिवाय वाढली?" आता इथं मी दुकानाकडे काढता पाय घ्यायच्या बेतात होतो. पण ताई वाद घालायला बसली नाही. तिनं काकूंचा हात धरून बाळाच्या पोटाला लावला, मग तळपायाला. पोट ऊबदार, पाय गार. "अंगातली ऊब टिकत नाहीये तिची," एवढंच बोलली. मग पोरीला टोपडं-मोजे घालून उघड्या अंगानं आईच्या छातीशी ठेवलं, वरून लुगडं गुंडाळलं. अर्ध्या तासानं पुन्हा काकूंचाच हात तळपायाला. काकू काही बोलल्या नाहीत, पण घंगाळ उचललं.

तिच्या फेऱ्या ठरलेल्या असतात : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ३९ गावांत बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं सांभाळली, बालमृत्यू खूप कमी झाले, आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आलं. मी पुड्या बांधायच्या रद्दीत हे वाचलंय. रद्दी वाचल्याशिवाय फाडायची नाही, हा माझा नियम.

चौदाव्या दिवशी ताई आली तर पोर दूध ओढत नव्हती. तिनं झबलं वर केलं, मोबाइलचं घड्याळ समोर ठेवलं आणि पोटाच्या हालचालीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. चौसष्ट. बाळ मध्येच कुरकुरलं होतं म्हणून ते शांत होईपर्यंत थांबून परत मोजले. पुन्हा चौसष्ट. साठ किंवा वर गेलं की थांबायचं नाही, असं तिला शिकवलेलं. थर्मामीटर काढला तर त्याचा सेल गेलेला! मी दुकानात धावलो, घड्याळाचे सेल होते, हा नव्हता. तिनं १०२ ला फोन लावला, गाडी दुसऱ्या बाळंतिणीला घेऊन गेलेली. शेवटी शेजाऱ्याच्या जीपमधून निघालो. ताई मागच्या सीटवर लेकीशेजारी, पोर आईच्या छातीशी. वाटेत तीन वेळा तिनं श्वास बघितले, आणि मी तिन्ही वेळा तिच्या तोंडाकडे.

जंतुसंसर्ग निघाला. नवजात कक्षात आठ दिवस काढले आणि पोर घरी आली.

एकविसाव्या दिवसाची फेरी त्यामुळे घरी झालीच नाही. नंतर ताईच्या वहीत मी सहज डोकावलो. त्या रकान्यात 'बाळ दवाखान्यात' असं लिहिलेलं. बाकीच्या रकान्यांसारखं वजन-तापमान टाकून मोकळी झाली असती तर कोण विचारणार होतं? दुकानदाराला वही कळते. माझ्याकडून तिला पाच तारे तिथंच मिळाले.

आता पैशाचं. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून तिला अडीचशे रुपये मिळतात. सहांनी भागा, एका फेरीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. त्यालाही अटी : वजन नोंदलेलं हवं, लसी झालेल्या हव्यात, जन्मनोंद हवी, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत मायलेकरं सुखरूप हवीत. २०२४ च्या सुरुवातीच्या संपानंतर राज्य सरकारनं महिन्याला पाच हजार वाढवले, चांगलं झालं. पण हातात कधी पडतात? गिऱ्हाइकाचं खातं चारचौघांत काढू नये, तरी सांगतो, तिचं मानधन आलं की नाही हे मला उधारीच्या वहीवरून कळतं. कधी दोन-दोन महिने पान पुढे सरकत नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांवर आशांचा सन्मान केला. मी अभिनंदन केलं तर म्हणाली, "व्हॉट्सअॅपवर आलं होतं काका. साखर एक किलो द्या."

अर्धा तारा कापला तो तिच्या नावावर नाही. तीस वर्षांवरच्यांचा आजारांच्या धोक्याचा फॉर्म भरायला ती दुकानात आली होती. माझं वय, तंबाखू, कमरेला टेप, घरात कुणाला बीपी-शुगर, असं विचारत गुण मांडले. चारच्या वर गेलं की तपासणीला आधी बोलावतात. माझे सात! तंबाखूचा रकाना भरताना तिनं माझ्या मागच्या फळीवरच्या पुड्यांकडे बघितलं आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं. उपकेंद्रात बीपी १६८/१०२ निघाला, गोळी सुरू झाली. पण तिसऱ्या महिन्यात गोळ्याच संपल्या आणि पुढचे पाच आठवडे बाहेरून विकत घेतल्या. मला परवडतं. वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्याला परवडत नाही, त्यानं गोळी सोडूनच दिली. ताई घरी जाऊन आठवण करते, पण रिकाम्या फळीपुढे ती तरी काय करणार? अर्धा तारा त्या फळीचा आणि न आलेल्या गाडीचा.

लेक माहेरी येणार असेल तर सासरच्या गावचं माता-बाल कार्ड सोबत आणायला सांगा आणि आल्या दिवशीच आशाकडे नोंद करा, नाहीतर तिला कळेपर्यंत पहिल्या फेऱ्या हुकतात. आमची पोर बेचाळिसाव्या दिवशी तीन किलो शंभर भरली. काटा मी स्वतः बघितला, झोळी वजा करून.

आणि थर्मामीटरचा सेल आता माझ्याकडे मिळतो. एलआर ४१. कुठल्याही गावच्या आशाताईला पैसे नाहीत.