मिंट टाकायचं की फेडोरा? आधी अपडेट बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. इंदुरात रामबागेपासून लोकमान्यनगरपर्यंत कित्येक मराठी घरांत धडधाकट कॉम्प्युटर आहेत, पण विंडोज ११ त्यांवर बसत नाही. ते भंगारात देऊ नका, विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. मिंट आणि फेडोरा हे तिचे दोन प्रकार. त्यांतलं कोणतं, हे मात्र दिसण्यावरून ठरवू नका. रूप चार दिवसांत अंगवळणी पडतं, अपडेट कायमचे मागे असतात.

दोन्हींत सोय मोठी आहे. ब्राउझर, ऑफिस, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, सगळं एकाच ऑनलाइन भांडारातून येतं आणि एकदमच अपडेट होतं. प्रत्येकासाठी वेगळी सेटअप फाइल शोधत बसायला नको.

मिंटमध्ये खाली उजवीकडे ढालीचं चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं की यादी उघडते, पासवर्ड दिला की काम सुरू. तोवर तुम्ही पत्र टाइप करत बसलात तरी चालतं. रीस्टार्ट मुख्यतः कर्नल बदलला तर लागतो. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, मात्र नवखे हमखास अडतात. ‘सुडो एप्ट अपडेट’ फक्त ताजी यादी आणतं, किती पॅकेजेस (प्रोग्राम आणि त्यांचे भाग) अपग्रेड होतील ते सांगतं आणि थांबतं. प्रत्यक्ष बदल ‘सुडो एप्ट अपग्रेड’ने होतो. मध्येच लाईट गेली आणि गाडी अडली, तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. अर्धवट राहिलेलं बहुतेक वेळा मार्गी लागतं.

फेडोरात ‘सुडो डीएनएफ अपग्रेड’ एवढंच पुरतं, यादी शिळी असेल तर ते स्वतःच ताजी करतं. माऊसने करायचं तर अपडेट रीस्टार्टच्या वेळी बसतात, म्हणजे विंडोजसारखंच थांबणं आलं. ‘डीएनएफ हिस्टरी’ मला फार आवडते: प्रत्येक बदलाला क्रमांक असतो आणि ‘अनडू’ने तो मागे घेता येतो, अर्थात जुनी आवृत्ती भांडारात शिल्लक असेल तर. मिंटमध्ये हे काम टाइमशिफ्ट करतं, ते सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवतं. ते पहिल्याच दिवशी लावून घ्या. फोटो आणि कागदपत्रं त्यात आपोआप धरली जात नाहीत, त्यांचा बॅकअप वेगळा ठेवा.

खरा फरक मुदतीचा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. फेडोराची नवी आवृत्ती साधारण ६ महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला जेमतेम १३ महिने आयुष्य. वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड करावंच लागतं. आई-बाबांच्या किंवा दुकानाच्या हिशेबाच्या मशीनवर मी हे काम कुणाच्या गळ्यात घालणार नाही. तिथे मिंटच. लॅपटॉप अगदी नवा असेल, वाय-फाय किंवा ग्राफिक्स चिपला ताजा कर्नल लागत असेल आणि वापरणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असेल, तर फेडोरा बिनधास्त घ्या.

आर्च या आणखी एका लिनक्सचं नाव कुणी सुचवलं तर पहिल्या वर्षी नकोच. तिथे अपडेट पूर्ण सिस्टिमचाच करावा लागतो, अर्धवट केलेला चालत नाही.