ऑनलाइन लिलावातून जगभरची जुनी नाणी : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने मी प्राचीन ग्रीक व रोमन नाणी आणि अठराव्या शतकातील युरोपीय चांदीची नाणी जवळजवळ पूर्णपणे ऑनलाइन लिलावांतूनच घेत आहे. अनेक लिलावगृहांचे कॅटलॉग एकत्र दाखवणारी संकेतस्थळे, थेट बोलीची सोय, जुन्या विक्रींचे संग्रह आणि नाण्याची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडिंग कंपन्यांच्या सीलबंद डब्या या सगळ्यांचा या काळात भरपूर वापर झाला. आता माझे मत असे आहे की, या व्यवस्थेत बोली लावण्याचा भाग सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. पैसे वाचतात किंवा बुडतात ते जुन्या विक्रीच्या नोंदी आणि नाण्यासोबतचे कागद आपण कसे वाचतो त्यावर.

बोलीची यंत्रणा चोख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आपली कमाल रक्कम आधीच नोंदवून ठेवली की प्रतिस्पर्ध्याच्या बोलीपेक्षा एकेक टप्पा वर जात यंत्रणाच आपल्या वतीने बोली लावते, आणि दोघांची कमाल रक्कम सारखी निघाली तर सहसा आधी नोंदवणाऱ्याला लॉट (लिलावातला तो नग किंवा गठ्ठा) मिळतो. म्हणून शेवटच्या क्षणाची वाट पाहण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. मात्र हातोडा पडतो, म्हणजे शेवटची बोली पक्की होते, ती रक्कम आणि बिलावर येणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून वर घेते ते शुल्क, बहुतेक ठिकाणी २० टक्के किंवा त्याहून अधिक असतो, शिवाय काही संकेतस्थळे थेट बोलीसाठी वेगळे शुल्क लावतात, आणि टपाल, विमा व आयात कर त्यावर आणखी चढतात. २०२० साली लंडनमध्ये ज्युलियस सीझरचा मारेकरी ब्रूटस याचे, सीझरवधाच्या दिवसाचे लघुरूप कोरलेले सोन्याचे ‘ईड मार’ नाणे विकले गेले तेव्हा हातोडा २७ लाख पौंडांवर पडला होता, पण खरेदीदाराने मोजले ३२ लाख ४० हजार. आपल्यासारख्यांच्या किरकोळ लॉटलाही हेच प्रमाण लागू होते. त्यामुळे मी सगळे खर्च आधी वजा करून मगच कमाल बोली ठरवतो.

जुन्या विक्रींचे संग्रह हा मात्र या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे. एसीसर्च आणि कॉइनआर्काइव्ह्ज या संकेतस्थळांवर मागील अनेक वर्षांतील लिलावांची छायाचित्रे आणि वर्णने आहेत. किमती पाहण्यासाठी वर्गणी लागते, पण ती एका चुकीच्या खरेदीपेक्षा नक्कीच स्वस्त पडते. अथेन्सचे घुबडाचे टेट्राड्राक्म, म्हणजे चार ड्राक्माचे नाणेच घ्या. इसवी सन पूर्व पाचव्या शतकातील हे सुमारे १७.२ ग्रॅमचे चांदीचे नाणे देखणे आहे, प्रसिद्ध आहे, परंतु दुर्मीळ मुळीच नाही. अथेन्सने ही नाणी प्रचंड संख्येने पाडली आणि त्यांचे पुरून ठेवलेले मोठमोठे साठे सापडलेले आहेत. शोधपट्टीत नाव टाकताच अशा नाण्यांची न संपणारी रांग समोर येते, आणि मग वर्णनातला ‘दुर्मीळ’ हा शब्द किती उदारपणे वापरला जातो ते कळते. या नाण्यात भाव ठरतो तो अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा नाण्यावर पूर्ण उतरला आहे की नाही, आणि चांदी अस्सल आहे का हे पाहण्यासाठी त्या काळीच मारलेला छिन्नीचा घाव त्यावर आहे की नाही, यावरून.

या संग्रहांचा दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. रोमन सम्राट नीरोचे सेस्टर्शियस नावाचे एक मोठे पितळी नाणे माझ्या नजरेत भरले होते. छायाचित्रात केसांची बट न् बट स्पष्ट, पार्श्वभूमी गुळगुळीत आणि हिरवट छटा एकसारखी. शोधल्यावर तेच नाणे काही वर्षांपूर्वीच्या एका लिलावात सापडले. कडेवरची चीर आणि अक्षरांजवळचा खड्डा दोन्ही छायाचित्रांत जुळत होते, पण आधीच्या छायाचित्रात केस सपाट झिजलेले होते आणि पार्श्वभूमीवर खवले होते. मधल्या काळात कुणीतरी अणकुचीदार हत्याराने केस नव्याने कोरले होते आणि पार्श्वभूमी घासून काढली होती. वर्णनात याचा उल्लेख नव्हता. लिलावगृहाला कळवल्यावर त्यांनी लॉट निमूटपणे मागे घेतला, पण हे तपासण्याचे काम खरे तर त्यांचेच होते.

ओळख पटवण्यासाठी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची मोफत साधने उत्कृष्ट आहेत. रोमन सम्राटांच्या नाण्यांसाठी ‘ओक्रे’ आणि अलेक्झांडरच्या नाण्यांसाठी ‘पेला’. कॅटलॉगमध्ये दिलेला संदर्भ क्रमांक तिथे पडताळला तर चुकीचे वर्गीकरण बहुधा पकडले जाते.

छायाचित्रांची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते, कारण ती दोन बाजू दाखवतात आणि कडा वगळतात. ओतीव नकलेची जोडरेषा किंवा ती लपवण्यासाठी मारलेली कानस कडेवरच सापडते. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाच्या थालर या चांदीच्या नाण्याचे उदाहरण बोलके आहे. ही सम्राज्ञी १७८० मध्ये वारली, पण तेच साल घातलेली नाणी पुढे व्हिएन्ना, रोम, लंडन, बर्मिंगहॅम आणि मुंबईच्याही टांकसाळीत विसाव्या शतकातही पाडली गेली, कारण लाल समुद्राच्या आसपासच्या व्यापाराला तेच नाणे हवे होते. वजन सुमारे २८.०७ ग्रॅम, चांदी हजारात ८३३ भाग, आणि कडेवर उठावाची अक्षरे व नक्षी. त्यामुळे ‘१७८०’ एवढ्यावर भाव देऊ नये. कडेचे छायाचित्र मागितले तर चांगली लिलावगृहे एका दिवसात पाठवतात. जी टाळाटाळ करतात त्यांच्या कॅटलॉगकडे मी आता फिरकत नाही. घरी नाणे आल्यावर दहापट भिंग आणि शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा एवढे पुरते.

सीलबंद डब्यांबद्दल माझे मत संमिश्र आहे. त्यांवर लिहिलेली १ ते ७० ही प्रतवारीची श्रेणी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी सुचवली होती, आणि यंत्राने पाडलेल्या नाण्यांना ती शोभते. हाताने ठोकलेल्या प्राचीन नाण्याला एकच अंक देऊन भागत नाही. त्यासाठी छाप आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी वेगळे गुण देण्याची एनजीसी या ग्रेडिंग कंपनीची पद्धत जास्त समंजस आहे. पण डबीत गेलेले नाणे काट्यावर ठेवता येत नाही, आणि कडाही बरीचशी झाकली जाते.

मालकीच्या इतिहासाविषयी थोडे सविस्तर. वर उल्लेखलेले ‘ईड मार’ नाणे, ज्यावर दोन खंजीर आणि त्यांच्यामध्ये मुक्त गुलामाची टोपी आहे, ते २०२३ मध्ये ग्रीसला परत करावे लागले, कारण त्याच्या पूर्वीच्या मालकीची कथा बनावट निघाली. याउलट १९३३ चा अमेरिकी डबल ईगल, म्हणजे वीस डॉलरचे सोन्याचे नाणे पाहा. त्या सालची नाणी वितळवण्याचा आदेश होता, तरी इजिप्तचा राजा फारूक याच्या नाण्यासाठी १९४४ मध्ये निर्यात परवाना दिला गेला होता. मुख्यतः त्या परवान्याच्या आधारे ते एकच नाणे खासगी मालकीसाठी कायदेशीर ठरले आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला गेले. त्यामुळे ‘जुन्या खासगी संग्रहातून’ एवढीच ओळ असेल तर मी ती शून्य धरतो. छापील कॅटलॉगमधील चित्राशी जुळणारे नाणे, जुन्या संग्राहकाची हस्तलिखित चिठ्ठी किंवा सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या १९७० च्या करारापूर्वीची पावती असेल, तर थोडे जास्त मोजायला तयार असतो.

पार्सले बहुतेक व्यवस्थित आली. काही विक्रेते अजूनही मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी पाठवतात. त्यातून सुटणाऱ्या रसायनाने धातूवर हिरवट चिकट थर धरतो, म्हणून पार्सल फोडल्याबरोबर पाकीट बदलावे.

विकण्याचा अनुभव खरेदीइतका सुखाचा नाही. कॅटलॉग छापून लिलाव होईपर्यंत महिने जातात, पैसे त्यानंतर काही आठवड्यांनी येतात, आणि विक्रेत्याचे कमिशन वेगळे कापले जाते. कमी किमतीची नाणी एकत्र गठ्ठ्याने विकली जातात, तेव्हा गठ्ठ्यातले एखादे चांगले नाणेही इतरांच्या भावात जाते. म्हणून किरकोळ नाणी मी ओळखीच्या संग्राहकांशी अदलाबदल करून काढतो, आणि ज्या नाण्याचे कागद पक्के आहेत, तेवढेच लिलावाला पाठवतो.