मागच्या खोलीची आर्मर्ड केबल: दहा महिने आणि एक पावसाळा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार दिवस, संध्याकाळी साडेसातला, आमचं अख्खं घर अंधारात. नेमकी सासूबाईंच्या मालिकेची वेळ. घरातली बोलणी मी खाल्ली, म्हणून हे चिडूनच लिहायला घेतलं होतं.

वझिऱ्याच्या आमच्या जुन्या घरामागे, बागेच्या टोकाला एक खोली आहे. तिथे माझी शिवणयंत्रं आणि इस्त्री. आधी वीज यायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आंब्याच्या फांदीवरून लोंबत. गेल्या पावसाळ्यात त्या वायरवर नारळाची झावळी पडली तेव्हा कुठे ह्यांना पटलं. नोव्हेंबरमध्ये जमिनीखालून तीन कोअर (आत तीन तारा), ४ चौरस एमएम, तांब्याची आर्मर्ड केबल टाकली, म्हणजे वरून पोलादी तारांचं चिलखत (आर्मर) असलेली, २८ मीटर.

इलेक्ट्रिशियन म्हणत होता, अडीच एमएममध्ये भागेल. भागलंही असतं. १६ अँपला अडीचमध्ये वाटेत आठेक व्होल्ट कमी होतात, चारमध्ये पाच. पण केबल एकदाच घ्यायची, खणायची मजुरी मात्र दर वेळी द्यावी लागते, म्हणून मी चारच घेतली.

चराची कथा वेगळी. गडी फूटभर खणून बिडी ओढायला बसले. आयएस १२५५ या भारतीय मानकाप्रमाणे लो व्होल्टेज केबल निदान ७५ सेंमी खाली हवी, म्हणून मी शिवणाची टेप घेऊन काठावर उभी! खाली वाळू, वर विटा, त्यावर लाल पट्टी. आंब्याची मुळं तोडू दिली नाहीत, वळसा घातला.

केबलबद्दल तक्रार शून्य. जुलैमध्ये घुशीने थेट विटांपर्यंत बीळ केलं होतं. उकरून पाहिलं, तर केबलच्या वरच्या आवरणावर चार ओरखडे, बस्स.

मग ट्रिप का व्हायची? पडायची ती घराची आरसीसीबी, म्हणजे करंट जरा जरी जमिनीत गळला तर वीज तोडणारं स्विच. इलेक्ट्रिशियनने येऊन बोर्डाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, मुंबईच्या पावसात ३० मिलिअँपची आरसीसीबी टिकत नाही. काढून डायरेक्ट करतो." चौथ्या अंधारानंतर मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. या लिखाणाच्या पहिल्या खर्ड्यात आरसीसीबीला पाचपैकी एक गुण दिला होता. तो मागे घेते.

कारण दुसरा माणूस मेगर, म्हणजे वायरचं इन्शुलेशन तपासायचं यंत्र, घेऊन आला. दोन्ही टोकं सोडवून ५०० व्होल्टवर तपासलं, केबल ठणठणीत. मग त्याने विचारलं, साडेसातला तुम्ही नेमकं काय करता? मी खोलीबाहेरचा दिवा लावते. त्या दिव्याचं कनेक्शन ज्या पेटीत, तिचं झाकण उघडलं तर आत अर्धा कप पाणी, आणि दिव्याची वायर त्यात बुडालेली. आरसीसीबी बिचारी इमानदारीने पडत होती.

पाणी शिरलं ग्लँडमधून, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे बसवायच्या पकडीतून. अख्ख्या कामातली सगळ्यात स्वस्त वस्तू! पहिल्या इलेक्ट्रिशियनने सिंगल कॉम्प्रेशनची (एकाच जागी आवळणारी) लावली, तीही पेटीच्या डोक्यावर. केबलवरून ओघळलेलं पाणी नरसाळ्यातून ओतल्यासारखं आत. आणि ग्लँड म्हणजे काही नुसतं बूच नव्हे. आर्मरच्या तारा तिच्यातच आवळून अर्थला जोडायच्या असतात, म्हणजे उद्या कोणाची कुदळ केबलमध्ये घुसली तर करंट त्या वाटेने जाऊन एमसीबी (जास्त करंट आला की वीज तोडणारं स्विच) पडते. आमच्याकडे खोलीच्या टोकाला त्या तारा कापून मोकळ्या सोडलेल्या. म्हणजे सात महिने त्या टोकाला मी आर्मरचे पैसे मोजून फक्त घुशींपासून संरक्षण घेत होते.

आता पितळी डबल कॉम्प्रेशन ग्लँड, पेटीच्या खालून, वर रबरी टोपी. फरक शंभर-सव्वाशे रुपयांचा! शिवाय मागच्या खोलीची लाइन घराच्या आरसीसीबीच्या आधीच वेगळी काढून तिला स्वतःची आरसीसीबी दिली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ही चूक माझी. दुसरी आरसीसीबी महाग म्हणून मीच नको म्हटलं होतं. जुलै-ऑगस्टच्या धो धो पावसात एकदाही ट्रिप नाही, आणि सासूबाई पुन्हा माझ्याशी नीट बोलतात.

पहिल्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, पाणी शिरणं त्याच्या कामात धरत नाहीत. त्याचे शेवटचे दीड हजार मी अजून दिलेले नाहीत. जुनी ग्लँडही फेकलेली नाही, बटणांच्या डब्यात ठेवली आहे. मागायला आला की आधी ती हातात देईन, मग पैशांचं बोलू.